बजेट स्ट्रोकर इंजिन: स्वस्त पार्ट विकू नका, मोजलेलं काम विका



या आठवड्याच्या व्हिडिओत 'परफॉर्मन्स गॅरेज' हा धंदा घेतला होता. त्यात स्ट्रोकर इंजिनाचा विषय निघाला आणि वेळ संपली. विषय अर्धवट सोडण्यासारखा नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

उस्मानपुऱ्यात माझ्याकडे प्रशिक्षणाला येणाऱ्या प्रत्येक बॅचमध्ये दोन-तीन जण असे असतातच. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला, वाळूज किंवा चिकलठाण्यात चार-पाच वर्षं व्हीएमसी चालवलेली, हात चांगला बसलेला, आणि डोक्यात एकच स्वप्न: स्वतःचं गॅरेज. तेही साधं सर्व्हिसिंगचं नाही. 'कमी बजेटमध्ये गाडी रॉकेट करून देतो' अशी पाटी लावायची. मुद्रा योजनेत किशोरला ५ लाखांपर्यंत आणि तरुणला १० लाखांपर्यंत कर्ज मिळतं, तेवढ्यात गॅरेज उभं राहतं असा हिशोब असतो. कर्ज आपल्या नावावर, जागेचं भाडं चालू, आणि पहिल्या तीन-चार इंजिनांवर सगळं भवितव्य.

म्हणून माझं मत आधीच स्पष्ट सांगतो. बजेट स्ट्रोकर हा धंदा होऊ शकतो. पण 'बजेट' हा शब्द पार्टच्या किमतीला लावला तर धंदा बुडतो. पैसा वाचतो तो योग्य पार्ट निवडण्यात, आणि कमावता येतो तो मोजमापात. या दोन्ही गोष्टी ग्राहकाला दिसत नाहीत. त्या दाखवणं आणि त्यांचे पैसे मागणं हेच तुमचं खरं काम आहे.

स्ट्रोकर म्हणजे नेमकं काय?

इंजिनाची सीसी दोन मापांवर ठरते. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास. स्ट्रोक म्हणजे पिस्टन वरून खाली किती अंतर जातो ते. सायकलचा पंप डोळ्यासमोर आणा. पंप जाड केला तरी जास्त हवा मावते, आणि दांडा लांब केला तरी जास्त हवा मावते. जाड करणं म्हणजे बोअर-अप, लांब करणं म्हणजे स्ट्रोकर.

सूत्र सोपं आहे: बोअर × बोअर × ०.७८५४ × स्ट्रोक × सिलिंडरची संख्या. मापं सेंटिमीटरमध्ये घेतली की उत्तर सीसीमध्ये येतं. हे वहीत लिहून ठेवा, पुढे लागेल.

आता आपल्या ओळखीच्या गाड्या घेऊ. यामाहा आरएक्स १०० चा बोअर ५० मिमी आणि स्ट्रोकही ५० मिमी, म्हणजे ९८ सीसी. आरएक्स १३५ चा स्ट्रोक तोच ५०, बोअर मात्र ५८, म्हणजे १३२ सीसी. हा बोअर-अप.

बजाजची पल्सर २०० डीटीएसआय घ्या. बोअर ६७ मिमी, स्ट्रोक ५६.४ मिमी, म्हणजे १९८.८ सीसी. आणि पल्सर २२०? बोअर तोच ६७, स्ट्रोक ६२.४, बरोबर २२० सीसी. म्हणजे २००९ मध्ये ज्या गाडीची 'भारतातली सगळ्यात वेगवान' अशी जाहिरात झाली, तिची वाढलेली सीसी ही निव्वळ स्ट्रोकची करामत होती. १९८५ पासून ज्या कंपनीचा कारखाना आपल्या वाळूजला आहे, तिनेच हा स्ट्रोकर विकला. आपण त्याला स्ट्रोकर म्हणालो नाही, एवढंच.

'बजेट' हा शब्द आला कुठून?

अमेरिकेत शेवरोलेचं 'स्मॉल ब्लॉक ३५०' हे व्ही-८ इंजिन लाखो गाड्यांत होतं. त्याचा बोअर ४ इंच, स्ट्रोक ३.४८ इंच. १९७० मध्ये कंपनीने त्याच कुटुंबातलं ४०० क्युबिक इंचांचं इंजिन आणलं, त्याचा स्ट्रोक ३.७५ इंच. तिथल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांनी भंगारातल्या ४०० च्या गाडीतला क्रँक काढला, त्याचे मेन जर्नल ग्राइंड करून बारीक केले आणि तो ३५० च्या ब्लॉकमध्ये बसवला. ब्लॉक ०.०३० इंच बोअर केला. हिशोब करा, ३८३ क्युबिक इंच येतात. हेच ते गाजलेलं ३८३ स्ट्रोकर. पुढे खुद्द जनरल मोटर्सने तयार ३८३ इंजिनं विकायला काढली.

यात धंद्याचा धडा आहे. त्या लोकांनी स्वस्त पार्ट बनवला नाही. कंपनीनेच बनवलेला, तपासलेला, रस्त्यावर सिद्ध झालेला पार्ट त्यांनी भावंडाच्या इंजिनातून उचलला. पैसे खर्च केले ते ग्राइंडिंगवर आणि मोजून बसवण्यावर. बजेट स्ट्रोकरची मूळ कल्पना एवढीच आहे. आज ऑनलाइन 'स्ट्रोकर किट' नावाने नाव-गाव नसलेला क्रँक स्वस्तात मिळतो, तो घेणं म्हणजे या कल्पनेच्या बरोबर उलट.

आपल्या शेंद्र्यातलंच उदाहरण

स्पोर्ट्स कार म्हटलं की लोक फेरारीचं चित्र दाखवतात. आपल्या शहरात तरुण पोरं ज्या गाडीकडे वळून बघतात ती स्कोडा ऑक्टाव्हिया. २००१ पासून ती आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली गेली. दिसायला सेडान, पण खेचायला स्पोर्ट्स कार. म्हणून तिच्यावरच हिशोब करू.

२०१३ नंतरच्या ऑक्टाव्हियात १.८ टीएसआय इंजिन मिळायचं. बोअर ८२.५ मिमी, स्ट्रोक सुमारे ८४ मिमी, १७९८ सीसी. २०२१ ला आलेल्या ऑक्टाव्हियात २.० टीएसआय. बोअर तोच ८२.५, स्ट्रोक ९२.८, १९८४ सीसी. दोन्ही एकाच ईए८८८ कुटुंबातली. म्हणजे कंपनीचं २.० हे १.८ चं स्ट्रोकरच आहे.

आता ताकद बघा. १.८ ची १८० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर. २.० ची १९० पीएस आणि ३२० न्यूटन-मीटर. सगळं श्रेय स्ट्रोकचं नाही, टर्बो आणि ट्यूनिंगही बदललं. तरी फरक कुठे पडला ते लक्षात घ्या: पीएस फक्त १० ने वाढली, टॉर्क ७० ने. लांब स्ट्रोकच्या इंजिनाचा स्वभाव असा असतो. ते खालून जोरात ओढतं, पण फार वर फिरायला नाखूश असतं.

ग्राहक येऊन म्हणतो, "दादा, माझी १.८ आहे, तिला २.० चा क्रँक टाकून द्या. पार्ट मी आणतो, कुर्ल्यात मिळतो." ऐकायला एका पार्टचं काम. प्रत्यक्षात त्या एका क्रँकमागे किती पार्टची वरात येते ते बघू.

एका क्रँकमागे पाच खर्च

पहिला, जागा. स्ट्रोक ८.८ मिमीने वाढला म्हणजे पिस्टन वर ४.४ मिमी जास्त जाणार आणि खाली ४.४ मिमी जास्त येणार. जुना रॉड आणि जुना पिस्टन तसाच ठेवला तर पिस्टन ब्लॉकच्या वर येऊन हेडला धडकणार. मग रॉड आखूड पाहिजे किंवा पिस्टनमधल्या पिनची जागा वर सरकवलेली पाहिजे. खालच्या बाजूला रॉडचा बोल्ट ब्लॉकला घासतो का, काउंटरवेट पिस्टनवर तेल मारणाऱ्या नोझलला लागतं का, हे तपासावं लागतं. क्रँकच्या मेन जर्नलचा व्यासही इंजिनाच्या पिढीनुसार वेगळा असू शकतो. 'ईए८८८ चाच आहे' एवढ्यावर क्रँक विकत घ्यायचा नसतो, मायक्रोमीटर लावून घ्यायचा असतो.

दुसरा, कॉम्प्रेशन. १.८ च्या एका सिलिंडरची सीसी सुमारे ४५०. कॉम्प्रेशन ९.६ धरलं तर पिस्टन वर असताना उरलेली जागा सुमारे ५२ सीसी. ती जागा तेवढीच राहिली आणि सिलिंडर ४९६ सीसीचा झाला, तर कॉम्प्रेशन १०.५ च्या आसपास जातं. टर्बो इंजिनात साध्या पेट्रोलवर हे महागात पडू शकतं. नॉकिंग सुरू झालं की पिस्टनचा काठ आणि रिंगच्या पट्ट्या तुटतात. म्हणून पिस्टनच्या डोक्यातली वाटी किती सीसीची आहे हे ब्युरेटने पाणी टाकून मोजावं लागतं. डोळ्याने कळत नाही.

तिसरा, पिस्टनचा वेग. सरासरी वेग म्हणजे स्ट्रोकची दुप्पट गुणिले आरपीएम भागिले ६०. स्ट्रोक ८४ मिमी आणि ६५०० आरपीएमला वेग येतो सेकंदाला १८.२ मीटर. स्ट्रोक ९२.८ केला की त्याच आरपीएमला २०.१ मीटर. रॉड आणि त्याच्या बोल्टवरचा ताण त्या प्रमाणात वाढतो. जुनाच वेग ठेवायचा तर लाल रेघ ६५०० वरून सुमारे ५९०० वर आणावी लागेल. ग्राहकाला हे आधी सांगितलं का? नसेल तर तो पहिल्याच दिवशी ७००० ला नेणार.

चौथा, गिअरबॉक्स. हा खर्च भल्याभल्यांच्या कोटेशनमधून सुटतो. १.८ ऑक्टाव्हियाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी, डीक्यू२००. तो बनवलाच आहे २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी. कंपनीने २.० आणली तेव्हा तेलात बुडालेल्या क्लचचा वेगळा, दणकट गिअरबॉक्स दिला. कंपनीला गिअरबॉक्स बदलावा लागला आणि आपण म्हणतो जुन्यावर चालून जाईल? इंजिन तुमचं उत्तम बनेल, दोन महिन्यांनी क्लच जाईल, आणि नाव तुमचं खराब होईल.

पाचवा, मेंदू. इंधन, बूस्ट, इग्निशन, सगळं ईसीयू ठरवतो. सीसी वाढली हे त्याला नव्याने शिकवावं लागतं. डायनोवर गाडी लावून मॅपिंग केल्याशिवाय इंजिन ग्राहकाच्या हातात देणं म्हणजे नवं इंजिन चाचणीला त्याच्याच पैशांनी लावणं.

मग पहिला सल्ला काय द्यायचा?

प्रामाणिक माणूस आधी विचारेल: स्ट्रोकर हवाच का? टर्बो गाडीत ताकद वाढवायची तर बूस्ट आणि मॅपिंग हा इंजिन न खोलता होणारा, कमी खर्चाचा मार्ग असतो. अख्खं २.० इंजिन अपघाती गाडीतून जसंच्या तसं मिळालं, तर तेही सुटे पार्ट जुळवण्यापेक्षा स्वस्त पडू शकतं. स्ट्रोकर खरा शोभतो तो बिनटर्बोच्या इंजिनात, किंवा इंजिन तसंही फुल कामाला आलेलं असताना. क्रँक ग्राइंड करायचाच आहे, पिस्टन बदलायचेच आहेत, बोरिंग होणारच आहे, मग त्याच खर्चात थोडी भर घालून स्ट्रोक वाढवला तर त्याला बजेट म्हणता येतं. चांगलं चालणारं इंजिन फक्त स्ट्रोकरसाठी खोलणं याला मी बजेट म्हणत नाही.

"असं सांगितलं तर गिऱ्हाईक जाईल ना सर?" एखादं जाईल. पण ज्याला तुम्ही दोन लाखांचा खर्च टाळायला सांगितलं, तो माणूस चार जणांना तुमचं नाव सांगतो. गॅरेजच्या धंद्यात याच्याहून चांगली जाहिरात मला माहीत नाही.

कुठे वाचवायचं, कुठे नाही

वाचवा इथे:

१. क्रँक वापरलेला घ्या, पण कंपनीचा घ्या. बसवण्याआधी भेगांसाठी मॅग्नाफ्लक्स तपासणी आणि व्ही-ब्लॉकवर ठेवून डायलने वाक बघणं सक्तीचं.
२. दिखाऊ गोष्टी टाळा. रंगीत पाइप, चमकणारी कव्हरं, मोठा एअर फिल्टर. इंजिन टिकण्याशी त्यांचा संबंध नाही.
३. पिस्टन आणि रॉड जोखायला महागडं यंत्र सुरुवातीला नको. सराफाकडे असतो तसला अचूक डिजिटल काटा पुरतो. सगळ्यात हलका पिस्टन शोधा, बाकीचे त्याच्या वजनाला आणा. क्रँकचं बॅलन्सिंग मात्र मशीनवरच.
४. पिस्टन आणि वॉल्व्हमधलं अंतर मोजायला लहान मुलांची खेळायची माती वापरा. पिस्टनवर मातीची गोळी, हेड बसवा, क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा, हेड काढा, दबलेली माती कापून जाडी मोजा. खर्च नाममात्र, आणि पद्धत जगभर वापरतात.

इथे एक रुपयाही वाचवू नका:

१. बेअरिंगचे शेल, रॉडचे बोल्ट, हेडचे बोल्ट आणि गॅस्केट. नवे आणि खात्रीचे.
२. बोरिंग आणि होनिंग. पिस्टन हातात आल्यावर तो मोजून मगच सिलिंडर कापायचा. आधी बोअर करून मग पिस्टन शोधायचा नाही.
३. ऑइल पंप. तेलाचा दाब नाही तर बाकी सगळं शून्य.
४. कच्ची जुळणी. रिंगा न लावता इंजिन एकदा पूर्ण जोडायचं, हाताने फिरवायचं, जिथे रॉड ब्लॉकच्या जवळ जातो तिथे निदान दीड मिमी जागा आहे का बघायचं, आणि परत खोलायचं. यात एक-दोन दिवस जातात. हे दिवस बिलात लिहा.

एक साधा हिशोब

आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही टाका.

समजा पहिलं गॅरेज स्वस्तात काम घेतं. चार इंजिनं, प्रत्येकी २५,००० नफा, एकूण १,००,०००. चारपैकी एक परत आलं. नवे शेल, गॅस्केट सेट, क्रँक पुन्हा ग्राइंड, तेल, मिळून ४५,०००. शिवाय पंधरा दिवस लिफ्ट अडकली. रोज २,००० चं नेहमीचं काम बुडालं, म्हणजे ३०,०००. एकूण ७५,००० गेले. हातात राहिले २५,०००. तीन इंजिनांचा नफा एका परतीने खाल्ला.

दुसरं गॅरेज मोजमाप आणि कच्च्या जुळणीचे २०,००० वेगळे लावतं. त्यातले ८,००० खर्च होतात. महाग म्हणून चारपैकी एक ग्राहक निघून जातो. उरलेल्या तीन इंजिनांवर प्रत्येकी ३७,०००, म्हणजे १,११,०००. इंजिन परत येत नाही. एक ग्राहक कमी, काम कमी, आणि पैसा चौपटीहून जास्त.

कॉलेजात आपण याला कॉस्ट ऑफ क्वालिटी वगैरे शिकलो. गॅरेजमध्ये त्याचं नाव 'परत आलेलं इंजिन'.

कोटेशन तीन टप्प्यांत द्या

स्ट्रोकरचा एकरकमी आकडा फोनवर सांगायचा नाही. कितीही ओळखीचा असला तरी नाही.

पहिला टप्पा: खोलणं आणि मोजणं. याची ठरावीक फी, आगाऊ. शेवटी ग्राहकाला मापांचा कागद द्यायचा: प्रत्येक सिलिंडरचा व्यास वर, मध्ये, खाली; प्रत्येक जर्नलचं माप; हेडची सपाटी. पुढे काम तुमच्याकडे करो वा ना करो, कागद त्याचा.

दुसरा टप्पा: मापांवरून खरं कोटेशन. त्यात पार्ट, मशीनिंग, जुळणी, मॅपिंग, गिअरबॉक्स अशा वेगळ्या ओळी. खाली दहा टक्के राखीव, वापरले नाहीत तर परत. पार्टचे पैसे आधी, मजुरी टप्प्याटप्प्याने.

तिसरा टप्पा: जुळणी, डायनो आणि रनिंग-इन. पहिलं तेल कधी बदलायचं, लाल रेघ कुठे, कोणतं पेट्रोल, हे सगळं एका पानावर, ग्राहकाच्या सहीसह.

ग्राहकाने आणलेला पार्ट बसवायचा असेल तर तो मोजल्याशिवाय बसवणार नाही, आणि त्या पार्टची हमी आपली नाही, हे कोटेशनवर मोठ्या अक्षरात.

कायदा: इथे जुगाड चालत नाही

हा भाग व्हिडिओत घाईत झाला, म्हणून नीट वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. आरसीवर सीसी छापलेली असते. १७९८ चे १९८४ झाले की तो तपशील बदललाच. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ स्पष्ट केला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ नव्या रूपात आलं. त्यानुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो, आणि ग्राहक पहिलं बोट तुमच्याकडे दाखवणार.

'कोण बघतंय, ब्लॉकवरचा इंजिन नंबर तर तोच आहे,' हे वाक्य मी अनेकदा ऐकतो. ज्या धंद्याचा पाया 'कोण बघतंय' हा आहे, त्याला बँकेचं कर्ज काढून सुरू करू नका.

मग स्ट्रोकर कोणासाठी? ट्रॅकवर चालणाऱ्या गाड्यांसाठी. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट. शिवाय ड्रॅग शर्यती आणि रॅली. गाडी ट्रेलरवर जाते, ट्रेलरवर येते. तिथेही सीसीनुसार गट असतात, म्हणून काम सुरू करण्याआधी त्या स्पर्धेची नियमावली ग्राहकासोबत बसून वाचा. इंजिन तयार झाल्यावर 'गट बदलला' हे कळणं परवडत नाही.

मग भाडं कशातून निघणार?

खरा प्रश्न हा आहे. ट्रॅकवर जाणारे ग्राहक मोजके. नुसत्या स्ट्रोकरवर उस्मानपुऱ्यात काय, पुण्यातसुद्धा गाळ्याचं भाडं काढणं अवघड.

माझं मत असं: तुमचं गॅरेज आधी इंजिन रिकंडिशनिंगचं दुकान असलं पाहिजे. रिक्षा, टेम्पो, ट्रॅक्टर, जुन्या कार. बोरिंग, होनिंग, हेड फेसिंग, क्रँक ग्राइंडिंग. मराठवाड्यात सुगीच्या आधी ट्रॅक्टरचं इंजिन वेळेत आणि मापात करून देणारा माणूस शेतकऱ्याला सोन्यासारखा वाटतो. जो मायक्रोमीटर स्ट्रोकरला लागतो तोच ट्रॅक्टरला लागतो. जो कच्च्या जुळणीचा कागद तुम्ही रेसवाल्याला देता, तोच साध्या रूपात रिक्षावाल्याला द्या. त्याला असा कागद आजवर कोणी दिलेला नसतो.

स्ट्रोकर हे तुमच्या दुकानाचं शोकेस. त्यातून नाव होतं, व्हिडिओ होतो, पोरं बघायला येतात. गल्ला भरतो तो ट्रॅक्टरवर.

आणि आपल्या शहराची एक ताकद आपण विसरतो. मोजमापाची इतकी सोय छोट्या शहरांत क्वचित असते. चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे, वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे. मशीनवर बॅलन्सिंग, अचूक तपासणी, एखादा खास पार्ट बनवून घेणं, यासाठी स्वतः मशीन विकत घेण्याआधी अशा ठिकाणी आणि ओळखीच्या जॉब शॉपमध्ये चौकशी करा. आठवड्यातून एकदा लागणाऱ्या मशीनसाठी दरमहा हप्ता कशाला भरायचा? वाळूजच्या व्हीएमसीवर मायक्रॉनमध्ये काम केलेला मुलगा स्वतःच्या गॅरेजमध्ये आला की 'अंदाजे बरोबर आहे' म्हणायला लागतो, याचं मला वाईट वाटतं. कंपनीत शिकलेली तीच सवय तर तुमचं भांडवल आहे. ती गेटवर सोडून येऊ नका.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या परिसरात जास्त दिसणाऱ्या तीन गाड्यांच्या इंजिनांचे बोअर आणि स्ट्रोक शोधा. त्याच कंपनीच्या भावंड इंजिनांचे आकडे शेजारी लिहा. कुठे बोअर सारखा आणि स्ट्रोक वेगळा आहे ते सूत्राने तपासा.
२. मायक्रोमीटर, बोअर गेज, मॅग्नेटिक बेससह डायल, टॉर्क रेंच, ब्युरेट. या पाच वस्तूंचे खरे दर दोन दुकानांतून आणा. कर्जाच्या अर्जात लिफ्टच्या आधी यांची ओळ आली पाहिजे.
३. 'खोलणं आणि मोजणं' या कामाची स्वतःची फी ठरवा. मजुरी, लागणारे तास, जागेचं भाडं धरून. आकडा ठरला की आरशासमोर उभं राहून तो मोठ्याने बोला. हसू नका, पहिल्या ग्राहकासमोर जीभ इथेच अडखळते.
४. मापांच्या कागदाचा एक नमुना तयार करा आणि ओळखीच्या कोणाच्या तरी जुन्या स्कूटरच्या इंजिनावर तो पूर्ण भरून बघा.

पुढच्या व्हिडिओत रिकंडिशनिंग दुकानाचा महिन्याचा ताळेबंद घेणार आहे, भाड्यापासून जीएसटीपर्यंत. तोवर गृहपाठ पूर्ण ठेवा. वही घेऊन बसा.